शॉर्ट शिफ्टर: आधी बुश, मग टक्केवारी

शॉर्ट शिफ्टर म्हणजे गिअरचा दांडा कमी हलवून गिअर पडावा म्हणून मूळ दांड्याच्या जागी बसवायचं किट. त्याच्या खोक्यावर एक आकडा ठळक छापलेला असतो. ३० टक्के कमी, ४० टक्के कमी. बहुतेक लोक त्या आकड्यावरच किट निवडतात. आकडा खोटा असतो असं नाही, पण तो मिळवण्यासाठी हाताला किती जोर जास्त लावावा लागेल, गिअरच्या रांगा (पहिला-दुसरा, तिसरा-चौथा) किती जवळ येतील आणि केबिनमध्ये किती आवाज येईल, हे खोक्यावर कोणी छापत नाही. शिवाय जुन्या गाडीत दांडा ढिला वाटण्याचं कारण बहुतेक वेळा त्याची लांबी नसतेच. ते कारण खाली, तेलात बुडलेल्या एका प्लास्टिकच्या बुशमध्ये, म्हणजे दांड्याच्या टोकावर बसणाऱ्या छोट्या टोपणात असतं.

उदाहरणासाठी माझदा एमएक्स-५, म्हणजे मियाटा घेऊ. पहिल्या दोन पिढ्या, १९८९ मध्ये आलेली एनए आणि १९९८ ची एनबी, त्याही ५ गिअरच्या. या गाडीत गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसतो. मध्ये रॉड नाही, केबल नाही, त्यामुळे काय बदललं की हाताला काय जाणवतं हे स्वच्छ कळतं. माझदाने ही गाडी भारतात विकली नाही, पण अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात ती जुन्या बाजारात सहज मिळते आणि तिकडच्या मराठी मंडळींच्या गॅरेजमध्येही दिसते. भारतातल्या वाचकांच्या उपयोगाचं, म्हणजे केबलच्या गाड्यांचं, पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

दांड्याचं गणित

गिअरचा दांडा म्हणजे साधी तरफ. मध्ये एक गोळा असतो, तोच टेकू. वरचा भाग नॉबपर्यंत, खालचा भाग गिअरबॉक्सच्या आतल्या रॉडच्या खाचेपर्यंत. समजा नॉबचा मध्य गोळ्यापासून २०० मिमी वर आहे आणि खालचं टोक गोळ्यापासून ५० मिमी खाली. प्रमाण झालं ४ ला १. खालच्या टोकाला पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जायला २० मिमी सरकावं लागत असेल, तर नॉब ८० मिमी हलणार. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. आपल्या गाडीचे टेप लावून मोजावेत.

खालच्या टोकाचे २० मिमी बदलता येत नाहीत, ते गिअरबॉक्सच्या आत ठरलेले असतात. बदलता येतं ते फक्त प्रमाण, आणि त्याचे दोन मार्ग. एक, वरचा भाग आखूड करणं. नॉब २५ मिमी खाली आणला तर प्रमाण साडेतीन होतं आणि नॉबचा प्रवास ७० मिमी. दुसरा मार्ग म्हणजे खालचा भाग लांब करणं. आता इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. खालचं टोक त्या खाचेत तेवढ्याच खोलीवर बसायला हवं, म्हणून खालचा भाग १५ मिमीने लांबवायचा तर गोळाच १५ मिमी वर उचलावा लागतो. किटमध्ये ॲल्युमिनियमचा जाड स्पेसर येतो तो याचसाठी. आणि गोळा वर गेला, नॉब आहे तिथेच राहिला, तर वरचा भाग आपोआप १५ मिमीने कमी होतो. म्हणजे १८५ भागिले ६५, प्रमाण सुमारे २.८५, नॉबचा प्रवास ५७ मिमी. एका १५ मिमीच्या स्पेसरने जवळजवळ २९ टक्के गेले. त्यावर कोणी नॉबही २५ मिमी खाली आणला की ‘४० टक्के’ची जाहिरात तयार.

याची किंमत हात देतो. ४ ला १ प्रमाणात नॉबवर ३ किलोचा जोर लावला की खाली १२ किलो पोचतो. २.८५ प्रमाणात तोच ३ किलो खाली साडेआठच्या आसपास पोचतो. सिंक्रो रिंगला (गिअर पडण्याआधी फिरणाऱ्या भागांचे वेग जुळवणारी कडी) पूर्वीएवढाच दाब हवा असेल तर हाताने ४.२ किलो लावायला हवेत. ‘शॉर्ट शिफ्टरने सिंक्रो खराब होतात’ हा वाद दरवेळी निघतो, त्याचं उत्तर या गणितातच आहे. दांड्याचं प्रमाण काय आहे हे सिंक्रोला कळत नाही. त्याला कळतो फक्त दाब आणि वेळ. त्याच हाताने, त्याच जोराने गिअर टाकला तर सिंक्रोवर उलट दाब कमी येतो आणि वेग जुळायला त्याला जास्त वेळ लागतो. पण अंतर कमी झालं म्हणून माणूस घाई करतो, गिअर अडला की आणखी रेटतो, आणि रिंगची धार त्या रेटण्याने जाते. दोष सवयीचा, पण ती सवय लावणारा भाग आपणच विकत आणलेला असतो.

प्ले कमी होत नाही

गिअरमध्ये असताना दांडा किती डुलतो, त्याला आपल्याकडे गॅरेजमध्ये सरळ ‘प्ले’ म्हणतात. खालच्या बुशमध्ये १ मिमीची झीज असेल तर ४ ला १ प्रमाणात नॉबवर ४ मिमी प्ले दिसतो. शॉर्ट शिफ्टर बसवल्यावर तोच १ मिमी नॉबवर २.८५ मिमी दिसतो. माणूस खूश होतो, ‘बघा, दांडा घट्ट झाला.’ पण आधी ८० मध्ये ४ म्हणजे ५ टक्के प्ले होता, आता ५७ मध्ये २.८५, तोही ५ टक्केच. झीज तिथेच आहे. फरक एवढाच की आता गिअरच्या रांगा जवळ आल्या आहेत आणि त्यात तोच ढिला बुश घेऊन आपण नेमका गिअर शोधतो आहोत.

म्हणून किट मागवण्याआधी मोजमाप करावं. टेप डॅशबोर्डपासून नॉबच्या मध्यापर्यंत आडवी धरून पहिल्यात आणि दुसऱ्यात माप घ्या. फरक म्हणजे एकूण प्रवास. मग तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून, फक्त बोटाच्या जोराने, दांडा पुढेमागे आणि डावीउजवीकडे किती डुलतो ते मोजा. सामान तोलायचा हुकाचा काटा नॉबला अडकवून, इंजिन बंद आणि क्लच दाबलेला असताना, गिअर पडायला किती किलो लागतात तेही लिहून ठेवा. किट बसवल्यावर हीच मापं पुन्हा घेता येतात आणि खोक्यावरच्या आकड्याची परीक्षाही होते.

याच वेळी क्लच तपासून घ्यावा. इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात, पण इंजिन चालू केलं की पहिला अडतो आणि रिव्हर्सला खर्रकन आवाज येतो, असं असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. एनए आणि एनबीमध्ये क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा) हा नेहमीचा कच्चा दुवा आहे. त्याचं रबरी झाकण उचलून बघा, आत ओल असेल तर सील गेलं. अशा गाडीत शॉर्ट शिफ्टर टाकला तर त्रास वाढणारच, कारण आता त्याच अडलेल्या गिअरला रेटायला तरफेची मदतही कमी. थंडीत पहिले काही किलोमीटर दुसरा गिअर जड जाणं मात्र या गिअरबॉक्सचा स्वभाव आहे. तेल गरम झाल्यावरही जड राहत असेल तर गिअरबॉक्सचं २ लिटर तेल बदलून बघावं: ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं. डिफरन्शियलसाठी असलेलं, जास्त गंधक-फॉस्फरसचं निसरडं तेल इथे घालू नये. सिंक्रोला पकड लागते, आणि पितळी रिंगवर त्या रसायनांचा परिणामही चांगला नसतो.

टरेट उघडल्यावर

दांडा ज्या घरात बसतो त्याला टरेट म्हणतात. ५ गिअरच्या मियाटात टरेटला स्वतःचं वेगळं तेल असतं, ८० ते ९५ मिली. गिअरबॉक्सचं तेल बदललं तरी हे बदललं जात नाही, आणि वर्षानुवर्षं कोणी त्याकडे बघत नाही. तेल आटतं, दांड्याच्या टोकाचा नायलॉनचा बुश कोरडा पडतो, चिरतो. त्यावरची दोन रबरी बुटं फाटली की टनेलमधली (गिअरबॉक्सवरचा गाडीच्या मजल्याचा उंचवटा) गरम हवा, गिअर ऑइलचा वास आणि गिअरबॉक्सची घरघर थेट केबिनमध्ये. उन्हाळ्यात दांड्याजवळ हात ठेववत नाही अशी तक्रार असली तर ते फाटक्या बुटांचंच लक्षण.

काम वरूनच होतं, गाडी उचलावी लागत नाही. गाडी थंड असू द्या, सपाट जागी लावा, चाकांना ओट लावा, न्यूट्रलमध्ये ठेवा. १० आणि १२ मिमीचे सॉकेट, चौफुलीचा स्क्रू-ड्रायव्हर, लांब चोचीची पक्कड, नळी लावलेली मोठी सिरिंज, न सुटणाऱ्या धाग्यांचं फडकं, १०० मिली तेल. शिवाय नवा नायलॉन बुश, वरचं आणि खालचं रबरी बूट आणि गॅस्केट. हे सगळं एकत्र रिबिल्ड किट म्हणून मिळतं.

नॉब उलटा फिरवून काढा. मधला कन्सोल स्क्रू काढून उचला; पॉवर विंडोची बटणं कन्सोलवर असतील तर त्यांचा कनेक्टर आधी सोडवा, नाहीतर वायर ताणली जाते. वरच्या रबरी बुटाचे चार बोल्ट, मग आतल्या प्लेटचे तीन. प्लेट उचलण्याआधी टरेटच्या भोवती फडकं कोंबून घ्या, कारण इथून पडलेला वायसर टनेलमध्ये गेला की तो शोधणं हेच मोठं काम होऊन बसतं. दांडा सरळ वर ओढा. कुठला वायसर कुठे होता, त्याचा फुगवटा वर होता की खाली, दांड्याचा बाक कोणत्या दिशेला होता, हे काढतानाच फोटोत टिपा. वेव्ह वायसर (लाटेसारखा वाकलेला) विसरला किंवा उलटा बसला तर नवा दांडाही पहिल्या दिवसापासून खडखडतो.

दांडा बाहेर आला आणि टोकाला बुश दिसला नाही, तर तो आत खाचेत राहिला आहे. पक्कडीने काढा. तुटका असेल तर सगळे तुकडे जुळवून बघा; एखादा कमी वाटला तर सिरिंजने तेल ओढताना तो नळीच्या तोंडाशी येतो का पाहा. जुनं तेल काळंकुट्ट निघतं, त्यात प्लास्टिकचा चुरा असतो. ते सगळं ओढून घ्या, आतून फडक्याने पुसा, नवं तेल मोजून घाला. जास्त घातलं तर बाहेर येतं आणि कन्सोलखालच्या गालिच्याला वास लागतो. बुश टोकावर दाबून बसवा, ‘टक’ असा बसला पाहिजे.

माझं मत असं की पहिल्या फेरीत मूळचाच दांडा या नव्या बुशसह परत बसवावा आणि गाडी महिनाभर चालवावी. मियाटाचा मूळ दांडा आखूडच आहे. नव्या बुशने, ताज्या तेलाने आणि अखंड बुटांनी बऱ्याच जणांचं समाधान होतं, आणि खर्च किटच्या एका अंशात भागतो. त्यानंतरही अंतर जास्त वाटत असेल तर मग शॉर्ट शिफ्टर. तोवर टरेट स्वच्छ असतो आणि दुसऱ्यांदा उघडायला निम्माही वेळ लागत नाही.

किट निवडताना काय बघायचं

मूळच्या दांड्यात वरचा आणि खालचा भाग यांच्यामध्ये रबराचा थर असतो. तो गिअरबॉक्सची थरथर हातापर्यंत येऊ देत नाही. स्वस्तातले बरेचसे किट म्हणजे एकसंध लोखंडी दांडा. त्यात रबर नाही. प्रवास कमी होतो आणि सोबत विशिष्ट आरपीएमला नॉब गुणगुणायला लागतो, कधी नुसता खळखळ वाजतो. ट्रॅकवरच्या गाडीला चालेल. रोज दीड तास हायवेने ऑफिसला जाणाऱ्याला आठवड्यात कंटाळा येईल. म्हणून रस्त्याच्या गाडीसाठी रबर असलेला, दोन भागांचा दांडा मिळत असेल तर तोच घ्यावा, भले त्याची टक्केवारी कमी असो. मात्र रबर मऊ असेल तर दांडा जागच्या जागी लवतो आणि प्ले असल्यासारखं वाटतं; दुकानात हातात घेऊन वाकवून बघता आला तर उत्तम.

दुसरी गोष्ट गोळ्याची. पॉलिश केलेला स्टीलचा गोळा ॲसिटलच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, वाटीत बसला की हालचाल गुळगुळीत आणि शांत राहते, आणि वाटी झिजली की बदलता येते. काही रेसिंग किटमध्ये गोळ्याऐवजी रॉड-एंड बेअरिंग असतं. नवं असताना त्याच्याइतकं नेमकं काही नाही. पण धूळ गेली की ते झिजतं, आणि झिजलं की धातूवर धातू वाजतो. असं किट घ्यायचं तर त्याचं बेअरिंग सुटं मिळतं का, आणि त्यावर रबरी बूट येतं का, हे आधी विचारा. सुटे भाग न मिळणारं किट कितीही देखणं असलं तरी दोन-तीन वर्षांनी भंगार आहे.

आता रांगांचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अशा तरफेत प्रमाण बदललं की पुढे-मागेचं अंतर घटतं आणि तेवढंच डावी-उजवीकडचंही. दोन रांगांमध्ये ३० मिमी असतील तर वरच्या हिशेबाने २१ उरतात. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना हात नकळत डावीकडे ओढला गेला तर चौथ्याऐवजी दुसरा पडतो. मियाटाच्या ५ गिअरच्या डब्यात दुसऱ्याचं प्रमाण १.८८८ आणि तिसऱ्याचं १.३३०. तिसऱ्यात ६,५०० आरपीएमवर असताना चुकून दुसरा पडला आणि क्लच सोडला, तर चाकं इंजिनाला ९,२०० च्या पुढे फिरवतात. रेव्ह लिमिटर इथे काही करू शकत नाही, तो फक्त इंधन किंवा ठिणगी तोडतो. इंजिनाचं मोठं नुकसान व्हायला एवढं पुरतं. याला इंग्रजी बोलणारे ‘मनी शिफ्ट’ म्हणतात, आणि बिल बघितल्यावर नाव पटतं. ही गाडी डाव्या स्टीअरिंगची असेल तर दांडा उजव्या हातात आणि ओढ डावीकडे, म्हणजे स्वतःच्या अंगाकडे, हे लक्षात ठेवा; नेमकी दुसऱ्या गिअरकडे. उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत अंगाकडची ओढ उलट पाचव्याच्या रांगेकडे नेते, तिथे हा धोका कमी.

म्हणून रस्त्यासाठी २० ते ३० टक्के, त्यापुढे नाही. ४० टक्क्यांच्या किटने अंतर कमी होतं तसा चुकीला असलेला वावही जातो, आणि थंड गाडीत दुसरा गिअर टाकताना मनगट दुखतं.

फोर्ड मस्टँगसारख्या गाड्यांच्या किटमध्ये पुढे-मागे दोन स्टॉप बोल्ट असतात. जोराने गिअर ओढणाऱ्याचा सगळा मार गिअरबॉक्सच्या आत गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर जाऊ नये म्हणून दांड्याला बाहेरच अडवायची ती सोय. गिअर पूर्ण टाकून दांडा हलकेच दाबून धरायचा, बोल्ट टेकेपर्यंत आत घ्यायचा, मग साधारण अर्धा फेरा मागे आणि नट घट्ट. निर्मात्याने वेगळं सांगितलं असेल तर ते पाळायचं. बोल्ट जास्त आत राहिला तर गिअर अर्धाच पडतो आणि ॲक्सिलरेटर सोडताच उडतो. अर्ध्या पडलेल्या गिअरवर चालवलं की दातांची टोकं गोल होतात, आणि मग स्टॉप नीट लावूनही गिअर उडतच राहतो.

बसवताना बिघडतं ते

स्पेसर आला की सील करायच्या जागा एकाऐवजी दोन होतात, खाली एक आणि वर एक. दोन्हीकडे गॅस्केट किंवा सिलिकॉन सीलंट लागतं. सीलंटची रेघ बारीक ठेवा. आतल्या बाजूला पिळून आलेला लोळ सुटतो आणि टरेटच्या तेलात जातो. बोल्ट किटमधलेच लांब वापरा. जुने बोल्ट स्पेसरमधून जेमतेम दोन-तीन आटे पकडतात आणि ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात. बोल्ट हाताने शेवटपर्यंत गेला की छोट्या रॅचेटने आवळा. ही जागा जोर दाखवायची नाही.

कन्सोल बसवण्याआधी सगळे गिअर टाकून बघा, रिव्हर्ससकट, इंजिन बंद ठेवून. थांबलेल्या गाडीत एखादा गिअर अडला तर घाबरू नका, दात समोरासमोर आले असतील. गाडी हाताने थोडी ढकला आणि पुन्हा टाका. मग कन्सोल नुसता ठेवून पुन्हा तेच. गोळा वर गेल्यामुळे दांड्याचा बाक आणि कन्सोलची कड यांचं नातं बदलतं. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये दांडा कन्सोलला टेकतो का, चामडी बूट ताणून दांड्याला परत न्यूट्रलकडे ओढतं का, हे इथेच कळतं. ‘नवीन किटने चौथा गिअर उडतो’ अशा तक्रारीमागे कधीकधी एवढंच निघतं. इंजिन गरम झाल्यावर, उतारावर ॲक्सिलरेटर सोडून, आणि वळणावरही तपासा. इंजिनचे रबरी माउंट थकले असतील तर संपूर्ण गिअरबॉक्स फिरतो आणि त्याच्या डोक्यावरचा दांडाही.

रबरी बुटांना सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पेट्रोलियम ग्रीस काही रबरांना फुगवतं.

रॉडच्या गाड्या

बीएमडब्ल्यू ई३६, ई४६ (३ सिरीजच्या दोन जुन्या पिढ्या) आणि टोयोटा ८६, सुबारू बीआरझेड यांत दांडा गिअरबॉक्सच्या मागे बसतो आणि एका रॉडने त्याला जोडलेला असतो. इथे झीज चार-पाच ठिकाणी वाटलेली असते. बीएमडब्ल्यूमध्ये सिलेक्टर रॉडच्या दोन्ही टोकांचे पिवळे प्लास्टिकचे वायसर, दांड्याची नायलॉनची वाटी, दांडा धरणाऱ्या धातूच्या आर्मचे पुढचे-मागचे बुश. हे सगळं मिळूनही नव्या शॉर्ट शिफ्टरहून स्वस्त पडतं आणि फरक जास्त जाणवतो. ई३६ वाल्यांची जुनी युक्ती म्हणजे बीएमडब्ल्यूच्याच झेड३ १.९ चा कंपनीचाच दांडा बसवणं. प्रवास कमी होतो, आवाज वाढत नाही, सुटे भाग कंपनीचे. बाहेरचं किट घेताना खालचा भाग फार लांब असलेलं टाळा. तो प्रोपेलर शाफ्टला किंवा त्याच्या रबरी कपलिंगला घासतो, आणि हे गाडी लिफ्टवर असताना नाही तर वेगात, भार आल्यावर कळतं. ८६ मध्ये रिव्हर्ससाठी नॉबखालची कडी वर ओढावी लागते. किटच्या दांड्याची उंची कमी असेल तर कडीला वर यायला जागा राहते का ते आधी बघा. वजनदार मोठा नॉब लावणारे इथे हमखास अडकतात.

केबलच्या गाड्या

अलीकडच्या पिढ्यांच्या होंडा सिव्हिक, फोक्सवॅगन गोल्फ आणि आपल्याकडच्या पोलो, रॅपिड, ऑक्टाव्हिया यांच्या मॅन्युअल गाड्यांत दोन केबल असतात: एक गिअर टाकायची, दुसरी रांग निवडायची. ही मांडणी शॉर्ट शिफ्टरला सोयीची आहे. फक्त पहिल्या केबलचं प्रमाण बदलून पुढे-मागेचा प्रवास घटवता येतो आणि रांगांमधलं अंतर तसंच ठेवता येतं. दांड्याच्या बाजूला केबल टेकूपासून लांब अडकवा किंवा गिअरबॉक्सच्या बाजूला शाफ्टच्या जवळ, परिणाम एकच. काही किट दोन्ही घटवतात. वर्णनात ते स्पष्ट नसेल तर विक्रेत्याला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

इथेही बुश आधी. केबलच्या टोकांतलं मऊ रबर आणि शिफ्टरच्या डब्याखालचे रबरी बुश दाबले जातात, म्हणजे हाताचे पहिले काही मिलिमीटर गिअरपर्यंत पोचतच नाहीत. डब्याखाली कडक पॉलियुरेथेनचे किंवा ॲल्युमिनियमचे बुश टाकणं हा सगळ्यात स्वस्त बदल. फोक्सवॅगनच्या गिअरबॉक्सवर सिलेक्टरच्या आर्मवर एक जाड वजन असतं. ते निरुपयोगी समजून काढून टाकणारे किट आहेत. ते वजन गिअर पडताना जडत्वाने खटका पार करून देतं. काढलं की गिअर अडखळत पडल्यासारखे वाटतात.

केबल सोडवली की तिची जुळवणी पुन्हा करावीच लागते. फोक्सवॅगन गटाच्या या गाड्यांत न्यूट्रलमध्ये ठेवून केबलच्या टोकांवरच्या स्प्रिंगच्या कॉलर ओढून, फिरवून मोकळ्या करायच्या. गिअरबॉक्सवरचा सिलेक्टर शाफ्ट खाली दाबून त्याच्या शेजारच्या कडीने जागेवर अडकवायचा. आत दांड्याच्या बुडाशी भोक आहे, त्यात ४.५ मिमीचा ड्रिल बिट घालून दांडा स्थिर करायचा. मग कॉलर सोडल्या की केबलची लांबी आपोआप ठरते. ड्रिल बिट आणि कडी काढल्याशिवाय गिअर टाकायला जाऊ नका. जुळवणी चुकली तर बहुतेक वेळा पहिला-दुसरा नीट पडतात आणि पाचवा किंवा रिव्हर्स सापडत नाही. अशा वेळी किट परत पाठवू नका, ही जुळवणी नव्याने करा.

नॉब

किट घेण्याआधीचा सगळ्यात सोपा प्रयोग म्हणजे वजनदार नॉब. ४०० ते ५०० ग्रॅमचा स्टीलचा नॉब हाताची गती साठवतो आणि खटका ओलांडायला मदत करतो; प्रवास तोच, पण जोर कमी वाटतो. शॉर्ट शिफ्टरने वाढलेला जडपणाही त्याने थोडा लपतो. दुबईत किंवा मे महिन्यातल्या नागपुरात उन्हात लावलेल्या गाडीचा स्टीलचा नॉब मात्र पकडता येत नाही. तिथे ॲसिटलचं कवच आणि आत धातू असा नॉब घ्यावा.

आटे बघून घ्या. माझदा आणि निसानच्या बहुतेक गाड्यांना एम१०×१.२५, होंडाला एम१०×१.५, टोयोटा-सुबारूला एम१२×१.२५. होंडाचा नॉब मियाटावर दोन आटे जातो आणि अडतो. तिथे जोर लावला तर दांड्याचेच आटे जातात. फोक्सवॅगनच्या मूळ दांड्याला आटेच नसतात, नॉब पट्ट्याने पकडलेला असतो, म्हणून ॲडाप्टर लागतो. किटच्या नव्या दांड्याचे आटे मूळ गाडीसारखेच असतील असंही धरून चालू नका.

बसवल्यानंतर ३०० ते ५०० किलोमीटरनी कन्सोल एकदा उचलून टरेटचे बोल्ट तपासा आणि स्पेसरच्या कडेने बोट फिरवून बघा. बोटाला तेल लागलं तर वरचं नव्हे, बहुतेक वेळा खालचं गॅस्केट नीट बसलेलं नसतं, कारण जुन्या गॅस्केटचा थर खरवडायचा राहिलेला असतो. प्लास्टिकच्या पट्टीने तो खरवडा, लोखंडी पात्याने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात, आणि टरेटच्या तोंडात फडकं कोंबूनच हे काम करा.